वादकांचे पार्ट रद्दीत देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पिढीतला एखादा अरेंजर (गाण्याचा वाद्यवृंद लिहिणारा), व्हायोलिनवादक किंवा ट्रम्पेटवादक गेला की वृत्तपत्रांत त्याच्या गाण्यांची यादी येते. कोणत्या संगीतकाराकडे त्याने किती वर्षे काढली, कोणत्या गाण्यातला कोणता तुकडा त्याच्या हातचा होता, हे आवर्जून छापले जाते. त्याच्या लोखंडी ट्रंकेत किंवा माळ्यावर पडलेल्या, हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. घर रंगवायला काढले की किंवा चाळ पुनर्विकासाला गेली की ते कागद पुष्कळदा किलोच्या भावाने जातात. घरच्यांना ती लिपी वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचाही दोष म्हणवत नाही. हे पत्र त्या कागदांबद्दल आहे.

ऑर्केस्ट्राचे कागद दोन प्रकारचे असतात. कंडक्टरच्या पुढ्यात असतो तो स्कोअर. त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. वादकाच्या स्टँडवर असतो तो पार्ट. त्यात फक्त त्याच्या वाद्याची ओळ असते आणि वाद्य गप्प असेल तिथे किती बार (तालाची एकेक मापे) मोजायचे तो आकडा. बेथोव्हनची पाचवी सिंफनी घ्या. पिकोलो १, फ्लूट २, ओबो २, क्लॅरिनेट २, बासून २, कॉन्ट्राबासून १, हॉर्न २, ट्रम्पेट २, ट्रॉम्बोन ३ आणि टिम्पनी १ असे १८ पार्ट झाले. तंतुवाद्यांत दोघांत एक स्टँड असतो. पहिली व्हायोलिन १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १० आणि डबल बास ८ असा मोठा ताफा धरला तर त्यांच्या ३० प्रती लागतात. म्हणजे स्टँडवर एकूण ४८ पुस्तिका, आणि मूळ स्कोअर मात्र एकच. तो हरवायला एक आग, एक युद्ध किंवा एक विसराळू माणूस पुरतो. पार्टांचा गठ्ठा बिनमहत्त्वाचा समजून कपाटात कोंबला जातो आणि नेमका तोच टिकून राहतो.

युरोपच्या संगीतात हे किती वेळा घडले आहे! रखमानिनोव्हची पहिली सिंफनी १८९७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ग्लाझुनोव्हच्या हाताखाली वाजली आणि सपशेल पडली. संगीतकाराने ती पुन्हा वाजू दिली नाही. पुढे तो रशिया सोडून गेला आणि स्कोअरचा पत्ताच लागला नाही. १९४३ साली तो वारला. पुढच्याच वर्षी लेनिनग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचेच तेव्हाचे नाव) कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, ग्रंथालयात १८९७च्या त्या मैफलीचे पार्ट सापडले. ते एकाखाली एक मांडून स्कोअर पुन्हा उभा केला गेला आणि १९४५च्या ऑक्टोबरात अलेक्झांडर गाउक यांनी तो मॉस्कोत वाजवला. शोस्ताकोविचची चौथी सिंफनी १९३६ साली तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली आणि युद्धात तिचा स्कोअर हरवला. तालमींसाठी उतरवलेले पार्ट लेनिनग्राडमध्ये शिल्लक होते. त्यांवरून स्कोअर जुळवला गेला आणि ३० डिसेंबर १९६१ रोजी किरिल कोन्द्राशिन यांनी ती प्रथम लोकांपुढे आणली, म्हणजे २५ वर्षांनी. इंग्लंडच्या व्हॉन विल्यम्सने आपल्या लंडन सिंफनीचा हस्तलिखित स्कोअर १९१४ साली जर्मनीला पाठवला, महायुद्ध पेटले आणि तो परत आला नाही. मित्रांना हाताशी धरून त्याने तो पार्टांवरूनच पुन्हा लिहून काढला.

स्ट्राविन्स्कीची गोष्ट तर आपल्या काळातली. गुरू रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या निधनानंतर त्याने लिहिलेले शोकगीत १९०९ साली एकदा वाजले आणि नाहीसे झाले. म्हातारपणी त्याने लिहून ठेवले होते की पार्ट लेनिनग्राडच्या कुठल्यातरी ऑर्केस्ट्राच्या ग्रंथालयात असणार, कोणी शोधले तर बरे होईल. २०१५ साली तिथल्या कॉन्झर्व्हेटरीची इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करताना रॅकांमागे ते निघाले आणि २ डिसेंबर २०१६ रोजी कंडक्टर गेर्गिएव्ह यांनी ती रचना वाजवली. हायडनचा सी मेजरमधला चेलो कन्चेर्टो (चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आज प्रत्येक चेलोवादक शिकतो. तोसुद्धा १९६१ साली प्रागमध्ये पार्टांच्या संचाच्या रूपातच सापडला. तोवर जवळपास दोनशे वर्षे तो जगाच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता.

आणखी मागे जायचे तर बाख. १७५० साली तो वारला तेव्हा हस्तलिखिते वारसांत वाटली गेली. थोरल्या मुलाच्या वाट्याचे कागद विकले जाऊन पांगले आणि त्यांतले पुष्कळसे कायमचे गेले. बाखची विधवा आना माग्दालेना हिने चाळीसहून अधिक कोराल-कँटाटांचे (चर्चमध्ये गायच्या रचनांचे) पार्ट लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेला दिले. ते आजही लाइपझिगमध्ये आहेत. एकाच घरातले, एकाच वेळी वाटलेले कागद, आणि त्यांच्या नशिबात एवढा फरक पडला तो ते कोणाच्या हाती गेले एवढ्यावरून.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत स्टाफ नोटेशन (पाच रेघांची स्वरलिपी) मुख्यतः गोव्याच्या वाटेने आले. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्र (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फा (डो-रे-मीची स्वरवाचनपद्धती) आणि व्हायोलिन शिकवत. तिथे तयार झालेली मुले मुंबईच्या हॉटेलांच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत गेली. १९३५ साली मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन मेहता त्यांचे चिरंजीव. ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांनी, म्हणजे प्यारेलालजींच्या वडिलांनी, किती जणांना नोटेशन शिकवले याची गणती नाही. सी. रामचंद्रांसोबत ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशनसोबत अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली रागांवर बांधलेल्या आपल्या ऑर्केस्ट्रल रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. आपल्या मराठी गाण्यांचे वाद्यवृंद सजवणाऱ्या अनिल मोहिले यांच्यासारख्यांची परंपराही ह्याच कागदांवर उभी आहे.

ध्वनिमुद्रण असताना कागद कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर गाणे ऐकतानाच मिळते. त्या काळचे मुद्रण एकाच ट्रॅकवर, मोजक्या मायक्रोफोनांपुढे झाले. गायकाचा आवाज पुढे आणि त्यामागे चेलो किंवा व्हायोलाने धरलेली ऑब्लिगेटोची (गाण्यामागे चालणाऱ्या जोडसुरावटीची) ओळ अर्धवट बुडालेली असते. दुसऱ्या व्हायोलिनांनी कोणता स्वर धरला हे कान कितीही लावला तरी अनेक जागी नक्की सांगता येत नाही. कोणी त्या गाण्याचा ‘हुबेहूब’ कार्यक्रम करतो तेव्हा वरची सुरावट आणि ठेका बरोबर येतो आणि मधले भरण अंदाजाने केलेले असते. जाणकाराला गाणे पोकळ वाटते ते त्यामुळे. सेबॅस्टियनसारख्या माणसाची खरी करामत ह्या मधल्या ओळींत होती आणि ती कागदावर होती. बरे, अशा कामात सगळ्या वाद्यांचा स्वतंत्र स्कोअर दरवेळी लिहिलेला असेलच असे नाही. घाईत थेट पार्टच लिहिले गेले असतील तर त्या गाण्याचा दुसरा लेखी पुरावा जगात नाही.

पार्टावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वादकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा. बो (व्हायोलिनचा गज) खाली ओढायचा की वर, श्वास कुठे घ्यायचा, कुठला बार गाळला, कंडक्टरने कुठे ठाय लय मागितली, हे सगळे त्यात असते. ऑर्केस्ट्राचा ‘आवाज’ म्हणून जो ओळखला जातो तो ह्या खुणांतून घडतो. सहसा पहिल्या व्हायोलिनचा म्होरक्या बोच्या खुणा ठरवतो आणि ग्रंथपाल त्या प्रत्येक स्टँडच्या प्रतीत उतरवतो. लिओपोल्ड स्टोकोव्स्कींनी फिलाडेल्फियात ही एकसारखेपणाची सक्तीच सोडली आणि ज्याला त्याला आपला बो मोकळा फिरवू दिला. त्या ऑर्केस्ट्राचा अखंड वाहता तंतुनाद त्यातून आला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने (झुबिन मेहता १९७८ ते १९९१ तिथे होते) बर्नस्टाइन आणि मालर या आपल्या जुन्या कंडक्टरांनी खुणा केलेले स्कोअर आणि वादकांचे पार्ट २०११पासून इंटरनेटवर सर्वांना फुकट पाहायला ठेवले आहेत. तिथे पेन्सिलीचा रंगसुद्धा अभ्यासाचा विषय आहे. म्हणून ट्रंक उघडल्यावर कोणी खोडरबर हातात घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

मग करायचे काय? कागद बाहेर काढण्याआधी गठ्ठा जसा आहे तसा त्याचा फोटो घ्यावा. कोणता पार्ट कोणत्या पार्टाला लागून होता यावरून पुढे गाणे ओळखता येते, तेव्हा लावालाव करण्याची घाई नको. काम पावसाळ्यात हाती घेऊ नये. मुंबई-गोव्यात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५च्या पुढे गेली की कागदावर बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. कागद सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर पसरावेत. उन्हात टाकले तर फाउंटन पेनची निळी शाई उडते आणि लगद्याचा स्वस्त कागद आणखी ठिसूळ होतो. धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडावी. बुरशीची पावडर दिसली तर तोंडाला मास्क लावावा, कागद आधी पूर्ण सुकू द्यावा आणि मगच ब्रश फिरवावा. ओल्या फडक्याने पुसले की डाग तंतूंत मुरतो. पान भिजलेलेच असेल तर टिपकागदांच्या मधे ठेवून दोन दिवसांच्या आत सुकवावे, टिपकागद वरचेवर बदलत.

गंजलेल्या टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढून टाकावेत. स्टेपल ओढून काढू नये. मागचे पाय सरळ करून मग अलगद सोडवावे, नाहीतर कोपरा फाटून त्यावरचा बार जातो. सेलोटेप अजिबात लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. आधीच लागलेली टेप घरी उपटू नये, तिच्यासोबत शाई निघते. लॅमिनेशन हा सर्वांत मोठा घात आहे. लोक प्रेमापोटी करतात, पण ते तापवून चिकटवलेले प्लास्टिक नंतर काढता येत नाही आणि आतला आम्ल कागद आतल्या आत जळत राहतो. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. कसर लागलेला गठ्ठा इतरांपासून वेगळा ठेवावा आणि झाडून साफ झाल्यावरच बाकीच्यांत मिसळावा. जपून ठेवायला जाड, आम्लरहित कागदाचे फोल्डर आणि आडवी पेटी घ्यावी. पेटी जमिनीपासून वीतभर उंच असावी आणि बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला टेकलेली नसावी.

प्रत्येक पानाला मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा. बॉलपेन नको. मग वहीत यादी: क्रमांक, वाद्याचे नाव, वर लिहिलेले शीर्षक किंवा गाण्याचा क्रमांक, तारीख असल्यास तारीख, पाने किती आणि कोणाचे अक्षर वाटते. मथळ्यावर गाण्याचे शब्द क्वचित असतात. चित्रपटाचे नाव, निर्मात्याचे नाव किंवा नुसता आकडा असतो. जे आहे ते तसेच उतरवावे, आपला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहावा.

नंतर प्रतिमा. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करू नये, रंगीतच करावे, कारण शाई कोणती आणि नंतरची पेन्सिल कोणती हे रंगावरूनच कळते. इंचाला ४०० ठिपके पुरेत. ए-फोर पानाची अशी न दाबलेली टिफ फाइल सुमारे ४६ एमबीची होते, ४० पानांच्या गाण्याला दोन जीबीच्या आत जागा लागते; आजच्या हार्ड डिस्कच्या किमतीत ही फार मोठी गोष्ट नव्हे. अडचण वेगळीच येते. संगीताचा कागद बहुधा ए-फोरपेक्षा मोठा असतो आणि घरगुती स्कॅनरवर कडा कापल्या जातात, नेमक्या जिथे ‘पुन्हा’ किंवा ‘कट’ लिहिलेले असते. अशा वेळी कॅमेरा वरून सरळ खाली रोखून स्टँडला बांधावा आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन दिवे लावावेत, फ्लॅश नको. ३५ सेंटिमीटर उंचीचे पान २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकट भरून घेतले की इंचाला चारशेहून जास्त ठिपके मिळतात. पानाशेजारी मोजपट्टी ठेवावी. कोरी दिसणारी मागची बाजूही टिपावी. तिथे वादकांच्या हजेरीची नावे, स्टुडिओची वेळ किंवा दुसऱ्याच गाण्याचा तुकडा निघू शकतो. फाइलींच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात ठेवावी.

इथपर्यंतचे काम नोटेशन न येणाऱ्यालाही जमते. पुढचे जाणत्याचे आहे, आणि त्यात चुका कुठे होतात ते सांगितले पाहिजे. पार्टांवरून स्कोअर उभा करताना पहिल्यांदा स्वर लिहू नयेत, बार मोजावेत. पार्टांत जागोजाग ए, बी, सी अशी अक्षरे असतात. त्या दोन अक्षरांमधले बार प्रत्येक पार्टात समान भरले पाहिजेत. व्हायोलिनला १६ आणि ट्रम्पेटला विश्रांतीचे १५ आले तर कोणाचीतरी चूक आहे, आणि ती न शोधता पुढे गेलो तर तिथून सगळे एका बाराने घसरते. पार्ट उतरवून काढणाऱ्याचा हात विश्रांतीच्या आकड्यातच जास्त चुकतो. पुनरावृत्तीच्या खुणा हे दुसरे जाळे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्याच तिसऱ्या भागात पुनरावृत्तीच्या घोळातून दोन बार जादा छापले गेले. त्याने १८१० साली प्रकाशकाला तसे कळवले होते. ते पत्र १८४६ साली लोकांपुढे आले तोवर चूक छापील प्रतीत तशीच होती. आपल्या गाण्यांत तर चित्रपटातले गाणे लांब आणि तबकडीवरचे तीन-साडेतीन मिनिटांचे. एकाच पार्टावर दोन्हींच्या खुणा एकमेकींवर असू शकतात. कोणती शाई कोणत्या वेळची हे ठरवल्याखेरीज काही खोडलेले समजू नये.

सांगाडा उभा करायला बास आणि ताल आधी मांडावा, कारण ते बहुधा अखंड वाजतात. मग तंतुवाद्ये, शेवटी फुंकवाद्ये. इथे सर्वांत मोठा खड्डा आहे: काही वाद्यांच्या पार्टात लिहिलेला स्वर एक असतो आणि वाजणारा दुसरा. पेटीच्या भाषेत सांगतो. बी-फ्लॅट ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटच्या कागदावर पांढरी एक लिहिली असेल तर ऐकू येते ती खालची काळी पाच. ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावरची पांढरी एक ही खालची काळी दोन वाजते. एफ हॉर्नची पांढरी एक म्हणजे खालची पांढरी चार. पार्टावर वाद्याचे नाव अर्धवट असेल, नुसते ‘सॅक्स’ असेल, तर तो आल्टो की टेनर हे बाकीच्या ओळींशी ताडून ठरवावे लागते: चेलोशी जमत नाही म्हणून स्वर ‘सुधारू’ नये, आधी वाद्याची पट्टी तपासावी. उलट, खरोखरची नकलेची चूकही असते. बेकारची (नॅचरलची, म्हणजे चढवलेला-उतरवलेला स्वर मूळ जागी आणणारी) खूण विसरणे ही नेहमीची. एकाच ठोक्यावर पहिल्या व्हायोलिनला शुद्ध गंधार आणि व्हायोलाला कोमल गंधार दिसला तर तीच जागा पुढे पुन्हा येते का ते पाहावे. दोनांपैकी एका ठिकाणी बहुधा बरोबर लिहिलेले सापडते.

सतार, बासरी, सारंगी यांच्या वाट्याचे कागद देवनागरीत सरगमने लिहिलेले असू शकतात. घरचे लोक ते ओळखतात आणि ठेवतात, बाजूचे पाच रेघांचे कागद टाकतात. दोन्ही मिळूनच गाणे होते. सरगमवाल्याचा ‘सा’ कोणत्या पट्टीत धरला आहे हे त्या कागदावर नसेल तर व्हायोलिनच्या पार्टावरून काढावे, आणि काढले आहे अशी नोंद करावी.

ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहणे शेवटी. त्यातही फसगत होते. ७८ आरपीएमची तबकडी ८२.६च्या वेगाने फिरली तर सगळे गाणे बरोबर अर्ध्या स्वराने चढते. म्हणून कागदावर पांढरी चार आणि कानाला काळी तीन लागली तर कागद खोटा ठरवण्याची घाई करू नये. जे आपण भरले, जोडले, अंदाजले ते सगळे चौकटी कंसात दाखवावे. अँटन ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीचा वाद अजून मिटलेला नाही. संपादक रॉबर्ट हास यांनी १९३९च्या आवृत्तीत ब्रुकनरच्या १८९०च्या सुधारित पाठात त्याच्याच १८८७च्या पहिल्या पाठातले काही बार मिसळले, पुढचे संपादक नोव्हाक यांनी १९५५ साली ते काढले, आणि कंडक्टर आजही दोन तटांत आहेत. पण हा वाद होऊ शकतो तोच मुळी ब्रुकनरने मृत्युपत्र करून आपली मूळ हस्तलिखिते व्हिएन्नाच्या राजग्रंथालयाला दिली म्हणून. हास चुकले असे मानणारालाही मूळ कागद उघडून पाहता येतो.

मुंबईचेच एक उदाहरण द्यायला हवे. कार्ल्सबादमध्ये जन्मलेले वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत आले, १९४६पर्यंत राहिले, रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहिले आणि इथे चेंबर संगीताची सोसायटी काढली. मेहली मेहता त्यांच्यासोबत व्हायोलिन वाजवत. आकाशवाणीची सकाळची परिचयधून त्यांचीच असे सांगितले जाते. पुढे ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवत आणि त्यांचे कागद तिथल्या ग्रंथालयात राहिले. म्हणून टोरोंटोच्या एआरसी ऑन्सॉम्बल या वादकसमूहाला २०२० साली त्यांच्या मुंबईच्या काळातल्या रचनांची तबकडी काढता आली. त्याच काळात, त्याच शहरात, त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांनी लिहिलेले कागद इथल्या ट्रंकांत आहेत.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. कागद कुटुंबाचा असतो; रचनेचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे आणि तो १९५७च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. कागद जपणे, त्यांची यादी करणे आणि संस्थेला ते देणे याला हक्काचा अडथळा नाही. प्रतिमा इंटरनेटवर ठेवणे किंवा जाहीर वादन यांसाठी मात्र विचारावे लागते. देताना दोन प्रतींत पत्र करावे: किती पाने, कोणत्या यादीप्रमाणे, मूळ कागद कायमचे दिले की सांभाळायला, आणि अभ्यासकाला प्रत मिळेल की नाही. तोंडी ‘घेऊन जा’ म्हणून दिलेले गठ्ठे नंतर कोणाचेच राहत नाहीत.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून चित्रपटाशी संबंधित कागद जपते. मुंबईत एनसीपीए ही प्रयोगकलांची संस्था आहे, तिथे २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि कोणत्याही ऑर्केस्ट्राला पार्ट हाताळणारे जाणते हात लागतातच. पणजीत कला अकादमी आहे, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ह्या चारही ठिकाणांनी एकच गोष्ट जाहीर करावी: कुटुंबाने हस्तलिखित पार्ट आणले तर ते कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर स्वीकारील. आणि जुने व्हायोलिन, चेलो, सॅक्सोफोन वाजवणारे जे आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांना ह्या कागदांसमोर बसवावे. कोणाचे अक्षर, कोणत्या स्टुडिओचा कागद, त्या फुलीचा अर्थ काय, हे पानावरून बोट फिरवत तेच सांगू शकतील, आणि ते बोलत असताना रेकॉर्डर चालू असावा.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे वादकाचा किंवा अरेंजरचा मृत्युलेख छापताना बातमीदाराने घरच्यांना कागदांबद्दल एक प्रश्न विचारावा आणि उत्तर एका ओळीत छापावे. आणि हे पत्र शक्य तर दिवाळीच्या साफसफाईच्या आधी यावे. माळे तेव्हाच रिकामे होतात.

आपला,
एक वाचक, मुंबई